धार्मिक वस्तू, असल्यास

मला पेपरला बसू दिलं नाही. निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी उगाच आशेवर राहायला नको. औषध निर्माण अधिकारी या पदाच्या परीक्षेला, अकोल्याच्या केंद्रावर, आरजू गयासुद्दीन ही उमेदवार सकाळी साडेआठच्या ठोक्याला फाटकाच्या बाहेरच्या बाजूला होती आणि परीक्षा आतल्या बाजूला. झालं. आता हे घडलंच नाही असं धरून चालू. मला त्याची सवय आहे. आमच्या घरात बऱ्याच गोष्टी घडलेल्या नाहीत.

तर फेब्रुवारीतली सकाळ, पावणेआठ वाजलेले, गावाबाहेर तुरीच्या शेतांत उभं केलेलं एक इंजिनिअरिंग कॉलेज आणि मुलींची झडतीची रांग. पुढे कापडाचा आडोसा, त्याच्या तोंडाशी एक टेबल, टेबलावर रजिस्टर. रांगेतल्या मुलींची कानातली, बांगड्या, केसांतल्या पिना, मनगटावरचे दोरे एकेका प्लॅस्टिकच्या पिशवीत पडत होते आणि मुली आडोशातून बाहेर निघताना आत्ताच जन्मल्यासारख्या दिसत होत्या, फक्त हातात प्रवेशपत्र. मी मनातल्या मनात औषधांची वर्गवारी म्हणत होते. आणि मागून कुणीतरी माझ्या कमरेला दोन बोटं लावली. इतकंच. धक्का नाही, चिमटा नाही, गर्दीतला तो दुसराही हात नाही. देवळाच्या पायरीला लावतात तशी बोटं लागली, आणि मी वळून पाहिलं तोवर ती कपाळाला पोचली होती. मागे एक किडकिडीत मुलगी, दोन वेण्या, पावडर.

"रागावू नोका ताई," ती म्हणाली. "तुमी अमरावतीच्या ताईतवाल्या ताई ना? माही मावसबहीण तुमच्याच गल्लीत भाड्यानं राह्यते. तिनं सांगतलं होतं, दिसल्या त हात लावून घेजो म्हणे. मी ललिता. हिवरखेडची. दोन डाव माहा पेपर गेला, हा तिसरा हाय."

आणि तेवढ्यात ताईत वाजला. तीन वेळा, बारीक, टिटवीच्या पिल्लासारखा.

ललिताचे डोळे भरून आले. "आयकलं त्यानं," ती म्हणाली.

त्याने काही ऐकलं नव्हतं. त्याने अडुसष्ट हा आकडा पाहिला होता आणि आकड्याशेजारी खाली वळलेला बाण. माझ्या डाव्या दंडावर नाण्याएवढा एक सेन्सर चिकटवलेला असतो. तो दर पाच मिनिटांनी माझी साखर मोजतो आणि कमरेच्या पंपाला कळवतो. पंपात इन्सुलिन, पंपातून निघालेली पारदर्शक नळी, नळीच्या टोकाला पोटात रुतलेली एक मऊ काडी, जी दर तीन दिवसांनी जागा बदलते. माझ्या अंगात अकराव्या वर्षापासून इन्सुलिन बनत नाही. का बनत नाही याचं कारण डॉक्टरांनी सांगितलं, फुफूने, म्हणजे आत्याने, सांगितलं, गल्लीतल्या मेडिकलवाल्याने सांगितलं. तिघांची कारणं वेगळी होती आणि इन्सुलिन तिघांच्याही कारणाने बनलं नाही. दहा वर्षं मी सुया टोचल्या. मग पंप आला, आणि अम्मीने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती जे म्हणाली ते मी कधीही विसरणार नाही. ती म्हणाली, "ये कुर्ते के उप्पर से दिखता क्या?"

अम्मी, म्हणजे बिस्मिल्लाबी, शिवणकाम करते. तिला जगातला कुठलाही प्रश्न कापडाने झाकता येतो. तिने रात्रीतून, म्हणजे तिच्या म्हणण्याप्रमाणे एका बाहीच्या वेळात, हिरव्या साटीनची पिशवी शिवली, तिला सोनेरी गोट लावला, काळ्या गोंड्याने तोंड बांधलं. पंप आत बसला. एका लग्नानंतरच्या वलीम्याच्या जेवणात गळाभेट घेताना कुठल्याशा खालाच्या हाताला ते लागलं, "ये क्या है गे?" तिने विचारलं, आणि अम्मीने पापणीही न हलवता सांगितलं, "तावीज है. मन्नत का." मी शेजारी उभी होते. माझ्या तोंडात बिर्याणी होती. त्या घासाचं इन्सुलिन पिशवीतून माझ्या पोटात जात होतं आणि मी मान डोलावली. एवढी एक मान डोलावली, बस. मुलीला शुगर आहे हे लोकांना कळलं तर तिला कोण मागेल, हे अम्मीचं साधं गणित होतं आणि त्यात तिची चूक काढणं मला आजही जमत नाही. फक्त एवढंच की त्या दिवसापासून मला डायबेटिस झालेला नव्हता, मला ताईत झाला होता.

ताईताची गल्लीत ख्याती कशी झाली ते शास्त्रीय पद्धतीने सांगायचं तर: समोरच्या घरातल्या बाईच्या नवऱ्याची बदली धारणीला, पार मेळघाटात, झाली होती. ती रडत आली, बोलता बोलता तिने पिशवीला हात लावला, पंपाची बॅटरी संपत आली होती म्हणून तो वाजला, आणि चौथ्या दिवशी बदली रद्द झाली. मग कुणाचं न झोपणारं मूल आणलं गेलं. पिशवी त्याच्या कपाळाला लावली, पंप थरथरला, मूल इतकं चकित झालं की झोपून गेलं. हरवलेली शेळी सापडली. दहावीचे दोन निकाल लागले. 'जवाब देता है,' असं बायका म्हणू लागल्या. जुमेरातच्या, म्हणजे गुरुवारच्या, दुपारी ओटीवर चपला वाढल्या. अम्मी घाबरली होती, पण तिला आता मागे फिरता येत नव्हतं. ती चहा ठेवायची. जवाब यायचा तो नेहमी माझी साखर उतरली की. म्हणजे मला दरदरून घाम फुटायचा, जीभ जड व्हायची, आणि गल्लीची कामं व्हायची. मी डी.फार्म. झालेली मुलगी आहे. इन्सुलिनचं तापमान, मुदत, मात्रा मला झोपेत विचारा. आणि मी पाच वर्षं एका पलंगाच्या कडेला बसून बायकांना हात लावू देत होते, चेहरा गंभीर ठेवून, कारण हसलं की पोट हलतं आणि पोट हललं की काडी टोचते.

अडुसष्ट. चूक माझीच होती. अब्बांच्या टेम्पोतून आम्ही पहाटे निघालो, मूर्तिजापूरला पोहे घेतले, मी पूर्ण प्लेटचं इन्सुलिन दिलं आणि भीतीने अर्धीच प्लेट खाल्ली. पोट परीक्षेला घाबरतं, पंप घाबरत नाही. अडुसष्टवर जग जरा सैल होतं. माणसांच्या कडा हलतात, आवाज एक पाऊल मागून येतात, आणि कुठूनतरी एक बिनपत्त्याचं भय येऊन छातीत बसतं, जणू आपण एखादं दार उघडं टाकून आलो आहोत आणि ते कुठलं ते आठवत नाही. सेन्सर नव्हता तेव्हा मला हे भयच आकडा सांगायचं. शाळेत मी बाकावर गाल टेकवायचे आणि लाकूड गार लागलं तर समजायचे की साठच्या खाली आहे. गुरुजींना वाटे मुलगी आळशी आहे. मी कधी सांगितलं नाही, कारण सांगायचं नाही असं ठरलं होतं. आळशी मुलीचं लग्न होतं, शुगरवालीचं होत नाही. मी ओढणीच्या गाठीतून संत्रं काढलं. अब्बा वरूडच्या बागांतून संत्री आणून मंडईत टाकतात, आमच्या घरात कुणाच्याही खिशात हात घाला, संत्रं नाही तर निदान एक बी निघेल. मी सोललं. ललिता आदराने पाहत होती.

"उपास सोडून राह्यल्या काय?" तिने हळूच विचारलं.

"हो," मी म्हणाले. तोंडात फोड असताना खोटं किती सहज येतं.

माझा नंबर आला. आडोशात केशरबाई होती. नाव खाकी सदऱ्यावर शिवलेलं, हातात ते दांडकं, जे धातू दिसला की ओरडतं. तिने माझ्या खांद्यांवरून, पाठीवरून दांडकं फिरवलं, दंडावर ते किरकिरलं, कमरेवर त्याने बोंब ठोकली. तिने कुर्ता वर केला. पिशवी पाहिली. मग पिशवीतून निघून माझ्या पोटात शिरणारी नळी पाहिली, आणि नळीमागोमाग तिची बोटं चिकटपट्टीपर्यंत गेली, थबकली, माघारी आली.

"व माय! हे काय व्हय व पोरी?"

मी तोंड उघडलं. पाच वर्षांत हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारला होता आणि उत्तर माझ्याऐवजी नेहमी अम्मी द्यायची. अम्मी अमरावतीत होती. संत्र्याची साखर अजून रक्तात पोचायची होती, मेंदू अर्धा उघडा होता, आणि त्या अर्ध्या उघड्या फटीतून, मी न ठरवता, खरं बाहेर पडलं.

"शुगर आहे मला. हे इन्सुलिनचं मशीन आहे."

"शुगर? तुले?" तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "शुगर त माह्या सासऱ्याले होती. त्यायचे पाय गेले, मंग ते गेले. तू त काडीवानी हायस. दुखते काय?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "नाही," मी म्हणाले. "खाज येते."

"खाज त येईनच," केशरबाई म्हणाली, एका जाणत्या बाईने दुसरीला सांगावं तसं. मग तिने कुर्ता नीट खाली ओढला, वर ओढणी सारखी केली आणि हाक मारली, "देवीदास सर! जरा इकडे या बरं. कुर्ता खाली हाय, या."

देवीदास सर म्हणजे केंद्राचे उपप्रमुख. गळ्यात ओळखपत्र, ओळखपत्रात त्यांचा फोटो, फोटोतही ते आत्ताइतकेच दमलेले. त्यांनी डॉक्टरांचं प्रमाणपत्र वाचलं, उलटं करून कोऱ्या बाजूकडेही पाहिलं.

"मॅडम, यात डायबेटिस आहे असं लिहिलंय. उपकरण आहे असं कुठं लिहिलंय? उपकरणासाठी आठ दिवस आधी अर्ज करायचा असतो."

"केला होता सर. उत्तर नाही आलं."

"उत्तर नाही म्हणजे परवानगी नाही."

"नाही म्हटलेलंही नाही सर."

"म्हणजे तुमी मले शिकवून राह्यल्या काय?" त्यांची प्रमाण मराठी क्षणभर सुटली, त्यांनी ती गोळा केली. "हे पाहा. आत बसताना माणसाजवळ इलेक्ट्रॉनिक वस्तू चालत नाही. काढून पिशवीत टाका, पेपर झाला की लावा. दोन तासांचा प्रश्न आहे. चष्मा काढतो तसं."

मागून ललिता म्हणाली, "सर, ते मशीन नाई, ताईत हाय. जवाब देते."

देवीदास सरांचा चेहरा उजळला. मी खरंच सांगते, त्या माणसाला मला आत सोडायचं होतं. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. त्यात नाव, बैठक क्रमांक, सही, आणि वस्तूंसाठी दोनच रकाने होते. एकावर लिहिलं होतं, 'जप्त केलेल्या वस्तू'. दुसऱ्यावर, 'धार्मिक वस्तू, असल्यास'. "मग झालंच की," ते म्हणाले. "धार्मिक चालते. इथं लिहा, ताईत, एक. सही करा आणि पळा."

मी पेन हातात घेतलं. रजिस्टर छान होतं, लाल कापडी पाठीचं. माणसाजवळ जे काही असतं ते एकतर श्रद्धेचं असतं नाहीतर जप्त करायचं असतं, इतकी सोपी मांडणी मी कुठल्याच पुस्तकात वाचलेली नव्हती. आकडा सत्तर, बाण आडवा. आठ वाजून पाच मिनिटं.

दोन तासांचा प्रश्न. हे मी आधीही ऐकलं होतं, फक्त तेव्हा ते एक दिवसाचा प्रश्न असं होतं. माझ्या बहिणीच्या, निखतच्या लग्नात अम्मीने मला शरारा शिवला होता, कमरेला इतका घट्ट की त्यात पिशवी तर सोडा, श्वासही ठेवायला जागा नव्हती. 'एकच दिन बेटा. फोटो निकलते तक.' मी सकाळी अकरा वाजता पंप काढला. खिशात सुई होती, पण नवरीच्या बहिणीला संडासही एकटीने मिळत नाही. दुपारी मी चार पेले पाणी प्याले, मग आठ, मग मोजणं सोडलं. जीभ टाळूला चिकटली. फोटोत मी खूप हसते आहे, पाहा कधी, प्रत्येक फोटोत थोडी अधिक लांबून. संध्याकाळी भाताच्या डेगींमागे मी ओकत होते, आणि बायका म्हणत होत्या नजर लागली, मिरच्या आणा. अब्बांनी येऊन माझं तोंड धरलं, वर केलं आणि माझा श्वास हुंगला. तीस वर्षं संत्र्यांत गेलेला माणूस. तळातल्या पेटीत, जिथे हवा पोचत नाही, तिथली फळं आतून बसायला लागतात तेव्हा वरून साल चकचकीत असते आणि वास मात्र गोड, नासका, डोक्यात जाणारा येतो. अब्बा तो वास ट्रकच्या बाहेरून ओळखतात. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. 'खाली की पेटी है ये,' एवढंच म्हणाले, मला टेम्पोत टाकलं, आणि इर्विन दवाखान्यापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. तीन दिवस सलाईन. गल्लीत सांगितलं, फूड पॉयझनिंग. आणि मग सांगितलं, की ताईत काढून ठेवला होता ना, म्हणून झालं. यातलं दुसरं तर खरंच होतं. आमच्या घरातलं खोटं असं आहे, कोपऱ्याकोपऱ्यात त्याला खऱ्याचे तुकडे लावलेले, अम्मीच्या रजईसारखं.

म्हणजे पंप काढायचा नाही हे ठरलेलंच होतं. राहिला ताईत. आणि तो रकाना समोर रिकामा होता. ही भरती सहा वर्षांनी निघाली होती. दीड वर्ष मी अभ्यास केला होता. सरकारी दवाखान्यातली ती खिडकी मी इतक्या वेळा पाहिली होती, पलीकडे मी, अलीकडे एखादी दहा-अकरा वर्षांची मुलगी, आणि मी तिला इन्सुलिनची बाटली देताना जरा मोठ्याने, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असं, तिचं नाव घेऊन सांगते आहे की हे फ्रीजच्या दारात ठेव. दोन शब्द लिहायचे होते. ताईत, एक. कुणाचं काही गेलं नसतं. आणि मी पेन टेकवलं, तेव्हा मला दिसलं की मी अकराव्या वर्षापासून याच रकान्यात राहते आहे. आळशी, उपास, मन्नत, नजर, फूड पॉयझनिंग. एकदाही माझं नाव आणि माझा आजार एका ओळीत आलेले नाहीत. आणि आता सरकारसुद्धा अम्मीच्या आवाजात म्हणत होतं, कुर्त्यावरून दिसत नाही ना, मग झालं. मला इतका राग आला की सेन्सरला कळला असावा. रागाने साखर चढते. पंच्याऐंशी, बाण वर. देवाशपथ, त्या क्षणी तो ताईत असता तर मी त्याच्याकडे देवीदास सरांची धारणीला बदली मागितली असती.

"सर, हा ताईत नाही," मी म्हणाले. मोठ्याने. रांग ऐकत होती. "माझं स्वादुपिंड आहे. पोटातलं बंद आहे, म्हणून हे बाहेर लावलंय. याच्यासाठी रकाना नाही, तर मी आखून देते."

"काय आखता?"

मी केशरबाईच्या हातातलं दांडकं घेतलं. तिने ते दिलं, हे मी नमूद करते. रजिस्टरवर ते पट्टीसारखं ठेवलं. रजिस्टरच्या टाचण्यांमुळे ते ओरडायला लागलं, पण रेघ सरळ आली. वर लिहिलं, 'अवयव'. खाली लिहिलं, 'स्वादुपिंड, एक, बाहेरचे. चालू.' सही केली. सही इतकी चांगली माझी प्रवेशपत्रावरही नव्हती.

"अहो हे शासकीय रजिस्टर आहे!" देवीदास सर म्हणाले, आणि ते रजिस्टर ओढून घेणार एवढ्यात ललिता माझ्या काखेतून पुढे आली. तिला माझ्याविषयी काय वाटत होतं कोण जाणे. तिच्या डोळ्यांत आता आदर नव्हता, त्याहून काहीतरी बरं होतं.

"म्हंजे ते ताईत नाई?"

"नाही."

"मंग माही मावसबहीण फालतूच सांगत होती?"

"हो."

"आता मी पास कशी होईन?"

"अभ्यासाने," मी म्हणाले. हे तिला फार निराशाजनक वाटलं, दिसलं. तरी तिने पेन घेतलं. "माह्या डाव्या पायात सळई हाय. ट्रॅक्टरवरून पडली होती मी. दांडकं आत्ता बोंबलनच. ते यातच येईन ना?" आणि लिहिलं, 'सळई, एक, पायातली'. तिच्या मागच्या मुलीने न बोलता केस बाजूला करून कानातलं यंत्र दाखवलं आणि लिहिलं. त्यामागच्या एकीने दोन दात लिहिले. एकीने विचारलं की गर्भाशयात तांबी आहे ती कुठल्या रकान्यात, आणि देवीदास सर पाठमोरे झाले. रांग मोडून टेबलाभोवती घोळका झाला. मुली एकमेकींना काय काय दाखवत होत्या, टाके, पट्ट्या, कुबडी न लागणारा पण आत वाकलेला एक घोटा, ज्यात धातू नव्हता तरी तिला तो लिहायचाच होता. केशरबाई माझ्या कानाशी आली.

"माह्या गुडघ्यातली वाटी बदलली हाय दोन वर्षांमांगं. मी ड्युटीवर हाय, पण लिहू काय?"

"लिहा की मावशी."

"लिवता नाई येत व. तू लिव."

मी लिहिलं. केशरबाई, वाटी, एक. तिने अंगठ्याला पेनची शाई लावून तो खाली उमटवला आणि वरून फुंकर घातली.

इथपर्यंत ते फार छान चाललं होतं. पण सगळ्यांचे अवयव एकसारखे नसतात. देवीदास सरांनी रजिस्टर ताब्यात घेतलं, माझ्या रकान्यावर कागदाची पट्टी चिकटवली आणि एकेकीला बोलावून निकाल दिला. सळई पायातून निघत नाही, म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने ती 'धार्मिक वस्तू'त लिहिली. दात, धार्मिक. तांबी त्यांनी न वाचताच धार्मिक केली. कानातलं यंत्र पिशवीत गेलं आणि ती मुलगी सूचना ऐकू न येणाऱ्या शांततेत, हसून, आत गेली. ललिता जाताना वळली. तिने हात पुढे केला, कमरेच्या दिशेने, सवयीने. मध्येच थांबली आणि माझा हात धरून दाबला.

मग मी आणि देवीदास सर. आठ सत्तावीस. फाटकावरच्या माणसाने साखळी हातात घेतली होती.

"तीन मिनिटं आहेत," ते म्हणाले, हळू. "मॅडम, माझी पोरगी तुमच्याच वयाची हाय. मी पाया पडून सांगतो, ताईत लिहा. कोण पाहते? तुमचंच नुकसान आहे."

माझंच होतं. ते अगदी बरोबर होते आणि चांगले होते, आणि चांगल्या माणसाला नाही म्हणणं इतकं जड असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नळीतून इन्सुलिनचा एक थेंब गेला. तो जाताना जाणवत नाही, पण मला जाणवला असं मी समजते. मी पिशवीची गाठ सोडली. पंप बाहेर काढला आणि ओढणीच्या वर, सगळ्यांना दिसेल असा, कुर्त्याच्या गळ्याला अडकवला. उन्हात तो करडा होता, साधा, थोडा ओरखडलेला. एकशे बारा. बाण सपाट, रेघेसारखा. असा आकडा मला महिन्यातून एकदा भेटतो.

"पाहा सर," मी म्हणाले, "एकशे बारा. आत्ता मी कुठलाही पेपर देऊ शकते."

त्यांनी पाहिलं. खरोखर वाकून, चष्मा वर करून पाहिलं. "चांगला आहे?" त्यांनी विचारलं.

"फार चांगला."

"हं," ते म्हणाले, आणि साखळी लागली.

बाहेर अब्बा टेम्पोच्या फाळक्यावर बसले होते. त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, पुन्हा गळ्याकडे. अब्बांनी पंप असा दिवसाउजेडी, उघडा, रस्त्यावर पाहिला नव्हता.

"नही छोड़े?"

"नही छोड़े."

"अम्मी कू क्या बोलना?"

"जो हुआ वो."

मग त्यांनी सीटखालून पेटीवर लावायच्या चिठ्ठ्यांचं पॅड काढलं, पेन दिलं आणि फाळका माझ्यासाठी हाताने झटकला. "लिख," ते म्हणाले. "इनकू लिखके लगता." मी फाळक्यावर कागद ठेवून, उभ्यानेच लिहिलं. स्थळप्रत माझ्याकडे आहे. मूळ प्रत केशरबाईने आत नेऊन दिली आणि पोच म्हणून दुसऱ्यांदा अंगठा दिला.

प्रति, मा. केंद्रप्रमुख, यांचे सेवेशी.

विषय: कंत्राटी स्वादुपिंडास सेवेत कायम करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदाराचे मूळ स्वादुपिंड गेली पंधरा वर्षे कोणतीही पूर्वसूचना न देता कामावर गैरहजर असून, त्याची विभागीय चौकशी करून त्यास तात्काळ रुजू होण्याचे आदेश व्हावेत. ते शक्य नसल्यास, त्याच्या जागी रात्रंदिवस, सणवार व सुट्टी न घेता काम करणाऱ्या सध्याच्या स्वादुपिंडास मागील सेवा ग्राह्य धरून कायम करण्यात यावे, त्यास शरीराचा भाग म्हणून मान्यता देण्यात यावी, आणि पुढील परीक्षेचे प्रवेशपत्र आम्हा दोघांच्या नावे, शेजारशेजारच्या आसन क्रमांकासह, निर्गमित करण्यात यावे, ही नम्र विनंती.